तिसऱ्या पायरीचं पाणी

माझे साडू चौतीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं बनवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटारबोट घेतली, तेव्हा मला वाटलं, माणूस सुटला. परवा त्यांच्याकडे गेलो तर जेवणाच्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा आणि शेजारी रंगीत पेन्सिलींनी आखलेला तक्ता: 'रविवार. सुटणे ६.४०. दीपगृह ८.२५, थांबा दोन मिनिटं. ताईंचा धक्का, आगमन १०.१०.'

"दीपगृहाशी थांबा कशाला?" मी विचारलं.

"चढउतारासाठी."

"भर समुद्रात चढणार कोण?"

"ते प्रवाशांनी बघावं."

मी हसू गिळलं, कारण समोर बायको आणि मेहुणी बसल्या होत्या. ताई म्हणजे या दोघी बहिणींची थोरली. ती खाडीकाठी राहते आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून घराबाहेर पडत नाही. इकडे बायकोच्या कमरेपायी डॉक्टरांनी लांबचा गाडीप्रवास बंद केलेला. बोटीचं आम्ही त्यांना विचारलंच नाही. उगाच नाही म्हणाले असते. तीन वर्षं बहिणींची भेट फोनवरच. बायकोने ताईसाठी विणलेली शाल पंधरा दिवस आधीच पिशवीत भरून, पिशवीसकट सोबत आणली होती.

तेवढ्यात इंजिन बघायला आलेला मिस्त्री हात पुसत आत आला. त्याने तक्ता वाचला.

"अक्षर सुरेख आहे, साहेब. पण दहा वाजून दहाला तिथे पाणी नसेल."

"नसेल म्हणजे?"

"ओहोटी. नुसता चिखल."

साडूंनी तक्ता पुन्हा वाचला. चौतीस वर्षांत त्यांचे रूळ कधी ओसरले नव्हते.

"मग दुपारी जाऊ," मी म्हणालो.

"बंदरातली भरती मी सांगेन. खाडीत पाणी उशिरा चढतं. किती उशिरा, ते तिथलाच माणूस जाणे. अंदाजाने मी जाऊ देणार नाही. बोट रुतली की नाव माझं."

बायकोने पिशवीतून शाल काढून मांडीवर ठेवली. ते मला बघवेना. मेहुणीने ताईला स्पीकरवर फोन लावला, बेत रद्द झाल्याचं कळवायला.

"रद्द? पाण्यापायी?" ताई कडाडली. "लिहून घ्या. रविवार म्हणजे पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस, दुपारी सव्वातीन."

"तुला गं काय माहीत?"

"खिडकीतून धक्का दिसतो. तिसरी पायरी बुडाली की बोटी आत येतात. भावोजींनी बोट घेतली त्या दिवसापासून वहीत वेळा टिपतेय. आठ महिने झाले. किती वेळ गुडघे चोळत बसू?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोटवाल्यांना पाणी शिकवायचं, बरं दिसतं का? आणि येणार, असं आधी तुम्ही म्हणायला नको?"

ताईने वहीतल्या चार तारखा वाचल्या; मिस्त्रीने त्या मोबाइलवर बंदरातल्या भरतीशी पडताळून मान डोलावली. "वही पक्की आहे."

साडूंनी रबर मागितलं. घरात नव्हतंच, कधी लागलं नव्हतं. शेवटी मिस्त्रीच्या पेन्सिलीच्या बुडाने त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वेळापत्रक खोडलं आणि ३.१५ लिहिलं. "ताई, उपकार झाले," ते म्हणाले. मीही मनात तेच म्हणालो. माझ्या तोंडून कुणाला खरं वाटलं नसतं.

शाल पुन्हा पिशवीत गेली.

"थांबा किती लिहू, ताई?"

"पाणी उतरलं की अडकलात. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत सुटका नाही."

"मध्ये रात्रीचीही एक भरती असते," मिस्त्री पुटपुटला.

"असेल," ताई म्हणाली. "ती मी वहीत धरलेली नाही."