तापाची ऊब

माघातल्या कोवळ्या उन्हात त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा डावा खांदा चकाकत असे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, रेशमाचं ठिगळ लावलंय. जवळ गेल्यावर कळे, तो नातीचा वाळलेला शेंबूड आहे. ज्यांनी जन्मभर सदऱ्याची इस्त्री कपाळावरच्या भस्माइतकी जपली, ते आमचे मालक हे लेणं मिरवीत अंगणात संथ येरझारा घालत होते, आणि त्यांच्या मानेच्या खळगीत नाक खुपसून आमची गौरा घरघरत झोपली होती.

यंदा हुरड्याच्या दिवसांत आष्टीच्या आमच्या घरात ताप आला, तो आगंतुक पाहुण्यासारखा खोलीखोलीतून मुक्काम करीत. मुलगा आडवा, सून आडवी, आणि मी गोधडीखाली अशी थरथरत होते की पिठाची चाळणी बरी. गौरा अंगावर पिणारी; नाक चोंदलेलं, त्यामुळे दूध ओढता येईना, आणि खाली ठेवलं की श्वास अडे. डॉक्टरांनी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. आईचं दूध काढून चमच्याने पाजा, उभं धरा, म्हणाले. धरणार कोण? घरात स्वतःच्या पायांवर उभं असलेलं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाच्या हातांना लेकराचा भार ठाऊक नव्हता.

आमच्याकडची रीतच तशी. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं मूल उचलायचं नाही. आमचा मुलगा झाला तेव्हा हे उंबऱ्याशी येऊन थांबत, पाळण्याच्या दोरीकडे बघत, आणि मुकाट दुकानात परतत. नव्या सुनेची माझी अक्कल ती केवढी, पदराच्या गाठीएवढी! मी माहेरी जाऊन ऊर बडवला, “माय, दगडाशी लगीन लावलंस गं माझं.” पुढे त्या शहाणीने, म्हणजे मीच, एक कावा केला. लेकरू त्यांच्या हातांत कोंबलं आणि घागर घेऊन पळाली. परत येऊन बघते तो सासरे दुकानात आलेले, आणि यांनी घाबरून लेकरू तराजूच्या पारड्यात ठेवलेलं, गुळाच्या ढेपेशेजारी! घर डोक्यावर घेतलं मी. आज त्या भवानीचा कान पिळावासा वाटतो. अगं येडे, पारडं कलू नये म्हणून त्यांनी त्याला हात कसा लावून धरला होता, ते तेवढं दिसलं नाही तुला?

तोच हात आता थेंब घालताना हळदीच्या चिमटीइतका जपून उतरे. चमचा तिच्या ओठांशी नेताना यांचंच तोंड उघडे, ती गिळेपर्यंत यांचाच घोट अडे. अंगाई येत नव्हती, म्हणून धान्य मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणत धरायचा तो सूर त्यांनी तिच्या कानाशी लावला, “लाभ... दोन... तीन...” आणि त्या कोरड्या, व्यापारी मोजणीत कसलं तरी ओलं, अनादी वात्सल्य झिरपत राहिलं. सणासुदीलाही न मिटणाऱ्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं.

“शेट, कावून बंद केलंय? साखर पायजे हुती,” कुणी गिऱ्हाईक खालून वाकून ओरडलं.

“नात झोपलीय. हळू बोल बे.”

हळूहळू तिचा श्वास मोकळा होत गेला आणि यांचा जड. पानगळीत एका फांदीवर पालवी फुटावी आणि दुसरी नकळत वाळत जावी, तसं ते घडत होतं, आणि आम्ही सगळे पालवीकडेच बघत होतो. एका दुपारी भिंत धरून मी अंगणात गेले. पाठीला हात लावला, तर तवा.

“अहो, अंग किती तापलंय तुमचं! द्या लेकरू इकडं, पडा जरा.”

“ऊब हाय म्हणून तर झोपलीय ती.”

“औषध तरी?”

“घेतो की. उठू दे तिला.” मग पोरासारखे हसले. “आता मला कुणाची चोरी हाय? बघायला वडील न्हाईत कुणी.”

मी लेकरू ओढून घेतलं नाही. उभ्या आयुष्याची रिकामी राहिलेली ओंजळ आता कुठे भरत होती, ती मी कशी उलटी करू?

सर्दी त्यांच्या छातीत उतरली. बीडच्या दवाखान्यातून त्यांना शेवटचं घरी आणलं तेव्हा दारात माणसं जमली होती, आणि बरी झालेली गौरा त्या पायांच्या गर्दीतून रांगत पुढे येऊन टाळ्या वाजवत होती.

आता मी तिला उराशी घेते. ती मान टेकते, उचलते, दुसरीकडे टेकते, पुन्हा उचलते; चुकून परक्या दारात आलेल्या वाटसरूसारखी माझ्या तोंडाकडे बघते. हे तिचं शोधणंही थोड्या दिवसांचं आहे, हे मला कळतं. वाढतं वय तिच्यातून त्यांना अलगद पुसून नेईल, तिच्या नकळत, माझ्या देखत. तिने आठवायचं नाही आणि मी विसरायचं नाही, असं त्यांचं नसणं काळाने आम्हा दोघींत वाटून दिलं आहे.