भावोजी उभ्याने जेवतात

माझी लेक डॉक्टर होऊन घरी आली, तेव्हा गावाने तिला बाजारातला नवा बैल बघावा तसं बघितलं. दुरून, मान तिरकी करून. बाई डॉक्टर कोणी पाहिली होती? आमच्या घराण्यात तर नांगरापलीकडे कोणी काही हातात धरलेलं नाही. मी दुसरीतून उठले ती थेट गोठ्यात. पण पोरीला डोकं होतं. ते कुठून आलं, हे वेगळं सांगायला नको.

रस्त्याकडच्या खोलीत तिने टेबल मांडलं, बाटल्या लावल्या, दाराला पांढरा पडदा टांगला. बायका यायच्या, पण माझ्याकडे, चाळण मागायला. पडद्याकडे चोरून बघायच्या आणि दुखणं पोटात घेऊन परत जायच्या. बाईच्या हातात सुरी शोभते ती भाजीवर, असं त्यांच्या सासवांचं मत.

माझा धाकटा दीर तर टपूनच होता. आमचे हे गेल्यापासून शेत तोच बघायचा, त्यामुळे घराचं छप्परही आपणच डोक्यावर धरलंय असं त्याला वाटे. त्याने बजावलं, की पेरणीपर्यंत गावातला एकही रोगी आला नाही, तर त्या खोलीत बियाण्याची पोती पडतील आणि डॉक्टरीणबाईंनी शहरात कोणाच्या तरी हाताखाली राबावं. पोर नुसती बाटल्या पुसत राहिली. मला ते जास्त लागलं.

पेरणी तोंडावर आली आणि दीर उभ्याने जेवायला लागला.

विचारलं, तर म्हणे पचन चांगलं होतं. मग पालथा झोपायला लागला. गावच्या बैठकीत खांबाला टेकून उभा राहिला, तर लोकांना वाटलं गडी रागावलाय. मी पोरं वाढवली आहेत. गळू कुठे झालंय, हे मला चालीवरून कळतं. शहरात पुरुष डॉक्टर होता, पण तिथवर गाडीतून जायचं, म्हणजे बसायचं.

"भावोजी, पोरीला दाखवा," मी म्हटलं.

"वहिनी, तिला मी खांद्यावर खेळवलंय. तिच्यापुढे माझं तोंड काय राहील?"

"तोंड दाखवायचंय कुठे?"

ताप भरला तरी ऐकेना. सुंभ जळाला, पीळ जाईना. मग मीच डोकं चालवलं. माझ्या आईने पुरुष डॉक्टरला पडद्याच्या भोकातून हात काढून नाडी दाखवली होती. बाईला चालतं, ते पुरुषाला का चालू नये? दाराचा पांढरा पडदा काढला, कात्रीने मधोमध भोक पाडलं, दिराला टेबलावर पालथा घातला आणि वरून पांघरला. भोक केवढं पाडलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पोर हात धुऊन आली. सुरी पातेल्यात उकळून तयार होती. चेहरा असा, की काका आलाच नाही, गळूच एकटं चालत आलंय.

"काका, पेरणी कुठल्या तुकड्यापासून धरायची?"

"विहिरीजवळच्या. तिथे ओल टिकते, म्हणून आधी..."

पुढचं गोठ्यातल्या गाईंनीही ऐकलं.

पुढच्या बैठकीत दीर मांडी घालून बसला. कोणी विचारलं, तर आपोआप फुटलं म्हणाला. पण पट्टी बदलायला रोज त्या खोलीत जावं लागे, आणि खोलीसमोरच गावचा पाणवठा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ रोज सकाळी भरल्या घागरींपुढून जायची.

शेवटी शिंपीण आली, चाळण परत द्यायला. हळूच म्हणाली, "तुमच्या भावोजींनी तेवढं दाखवलं, मग मी छातीतली गाठ दाखवायला का लाजू?" आणि माझ्याकडे न थांबता थेट पलीकडे गेली. तिच्यामागून तिची जाऊ, मग जावेची सासू.

बियाण्याची गाडी आली, तेव्हा रस्त्याकडच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अट दिराची, पुरी केली तीही त्यानेच. पोती त्याने मुकाट्याने आपल्या खोलीत उतरवली आणि त्यांच्यावरच बसून राहिला.

पडद्याच्या भोकाला मी ठिगळ लावून तो परत दाराला टांगला. घरात पांढरं कापड होतं. मी लाल घेतलं.