तुरटीची लाही

दाक्षायणीनं तव्यावर फुललेली तुरटी खलबत्त्यात टाकली आणि घरभर ठणठण सुरू झाली. खोबरेल, आरारूट आणि चिमूटभर कापूर वाटीत तयार होता. बाजारातल्या डिओच्या फवाऱ्यानं नवऱ्याच्या, श्रीशैलच्या, काखेत पुरळ उठायचं, म्हणून हा घरचा उद्योग.

सासू, गुरम्मा, उंबऱ्याशी लसूण सोलत होती.

"काय कुटायलीस गं?"

"तुरटी, आई. ह्यांच्या घामासाठी."

"तुरटीनं कापडावर रंग पक्का धरतो."

"आता रंगाचा काय संबंध? ते चादरी विकत्यात की, रंगवत न्हाईत."

खरंच होतं. बारा वर्षं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रंगखान्यात सूत रंगवल्यावर मालकानं श्रीशैलला शहरातल्या दुकानात उभं केलं होतं. महिनाभर बघू, म्हणाला होता. गिऱ्हाइकासमोर दोन्ही हात वर करून चादर उलगडायची, आणि बाहेर सोलापूरचा मे महिना! पहिल्याच दिवशी एका बाईंनी नाकाला पदर लावला. नवरा रंगखान्यातल्या वाफेतून सुटला म्हणून दाक्षायणी सुखावली होती; घामापायी तो पुन्हा तिकडं जाईल, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

लेपानं कमाल केली. वास गेला, श्रीशैल शीळ घालत दुकानात जाऊ लागला. आठवड्यानं शर्ट धुताना मात्र काखेत हिरवट डाग दिसला. दाक्षायणी स्वतःवरच हसली. म्हातारीचंच खरं ठरलं. बारा वर्षांचा रंग अंगात मुरलेला, त्याला तुरटीनं धरून ठेवलं. तिनं तुरटी बंद केली आणि खाण्याचा सोडा घातला. बनियन नवे आणले, शर्टही नवा, पांढराशुभ्र.

पंचविसाव्या दिवशी नवा शर्ट बादलीत टाकता टाकता ती थांबली. डाग पहिल्यापेक्षा गडद होता. तुरटीचा कणही नव्हता त्यात. ती शर्ट घेऊन गुरम्माकडं गेली.

गुरम्मानं शर्ट उजेडात धरला. डागावरून अंगठा फिरवला, वास घेतला.

"सोड्यानं झालं असेल का, आई?"

"न्हाय." ती उठली. ट्रंकेच्या तळातून एक जुनं बनियन काढून तिनं शर्टाशेजारी पसरलं. त्याच्या काखा जांभळ्या होत्या.

"मामंजींचं?"

"व्हय. ते पण रंगखान्यातच होते. काम सोडून दोन महिने झाल्यावरचं हाय हे, तरी घामातनं रंग येतच होता. मी पण तुरटीलाच बोल लावला होता."

सासऱ्यांना दाक्षायणीनं पाहिलंच नव्हतं. विभूती लावलेला फोटो तेवढा रोज पुसायची. किडनीचं दुखणं होतं, एवढंच तिला लग्नात सांगितलं होतं.

"पुढं?"

"पुढं लघवीतनं रक्त. श्रीशैल तवा सातवीत होता."

बाहेर मोटारसायकल थांबली. गुरम्मानं बनियन झटकन ट्रंकेत टाकलं, दाक्षायणीनं शर्ट उचलला.

श्रीशैल आत आला तो हसतच. "महिना भरायच्या आतच मालकानं कायम केलं! उद्यापासनं मोठं काऊंटर." त्यानं दोन्ही हात वर केले. "दिवसभर उभा होतो. बघ की आई, येतोय का वास?"

गुरम्मा पुढं झाली. लहानपणी अंघोळीनंतर घ्यायची तसा तिनं लेकाच्या काखेशी वास घेतला.

"न्हाय रे," ती म्हणाली. "काईच येत न्हाय."

मग मागं वळून न बघता तिनं हात लांबवला आणि सुनेच्या हातातला शर्ट घट्ट धरला.

"उद्या सुट्टी घे. सरकारी दवाखान्यात जायचंय."

"कुणासाठी?"

श्रीशैलचे हात अजून वरच होते.