रिकामी तारीख

बायको वारल्याचं शिंप्याला फोनवर कळलं. साथीमुळे वॉर्डात कुणाला सोडत नव्हते.

डोक्यातल्या बारीकशा गाठीपायी तिच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन भलतंच वाढायचं. चेहरा गरगरीत, पोट पुढे, हातपाय काटकुळे, जरा लागलं की काळंनिळं. ऑपरेशन हाच इलाज. पण साथ आली आणि तारीख पुढेच जात राहिली. म्हणे, तातडीचं नाही. गोळ्यांवर दिवस ढकलायचे. शिंपी तिच्या ब्लाउजची शिवण उसवत राहायचा. ती म्हणायची, "मी बरी आहे हो, आजार तुमच्या टेपला झालाय." शेवटी साथीचा ताप आला, तो या पोखरलेल्या अंगाला झेपला नाही.

महिना उलटला आणि त्याच दवाखान्यातून फोन आला. "तारीख लागली. सोमवारी पेशंटला उपाशीपोटी आणा."

"ती वारली हो ताई. तुमच्याकडेच."

"आमच्या कॉम्प्युटरवर तसं दिसत नाही."

"मग काय, खोटं बोलतोय मी?"

शिंप्याला एकदम मास्तरीणबाई आठवल्या. त्यांना हाच आजार. त्या आणि बायको दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसल्या की लोक जुळ्या बहिणी समजत. त्याही तारखेचीच वाट बघत होत्या.

"ताई, ही तारीख त्यांना द्या."

"तसं देता येत नाही. आधी ही तारीख सोडल्याची पेशंटची सही लागेल."

"कुणाची?"

"पेशंटची."

शिंप्याने कपाळावर हात मारला. मग मास्तरीणबाईंना फोन लावला.

"भाऊ, कालच बीपीने चक्कर येऊन पडले," त्या म्हणाल्या. "मिळेल का हो तारीख?"

शिंप्याचा धाकटा भाऊ चिडला. "दादा, आपलं माणूस गेलं. आता कशाला त्या दवाखान्याच्या दारात डोकं फोडतोस?"

"आपलं गेलं म्हणूनच!" शिंपी खेकसला.

तो मृत्यूचा दाखला घेऊन दवाखान्यात गेला. रखवालदाराने फाटकावर अडवलं, खिडकीतल्या माणसाने दुसऱ्या खिडकीकडे पिटाळलं, दुसरी जेवायला बंद. ती उघडल्यावर तिथल्या कारकुनाने दाखला घेतला आणि बटण दाबलं.

"झालं काम. नाव काढलं."

"आणि जागा?"

"नाव गेलं की जागाही रद्द होते. सोमवारी आता ऑपरेशनचं टेबल रिकामं."

"अहो, मग मास्तरीणबाईंना घ्या ना!"

"त्यांचा नंबर आला की कळवू."

सोमवार गेला. मास्तरीणबाईंचं ऑपरेशन अजून झालेलं नाही.