दिराने निवडलेला प्रिंटर

दिराला तोंड वर करून माझ्या दुकानात यायला लाज कशी वाटली नाही, देव जाणे. नवरा गेला तेव्हा त्याच्या निगेटिव्हांचा डबा "वहिनी, मी सांभाळतो" म्हणत यानेच उचलून नेला होता. परत मागितला की आज देतो, उद्या देतो. आता त्याच फोटोंचं प्रदर्शन तो स्वतःच्या नावावर भरवणार होता. आणि छापायचे कुणी? मी, कारण काळे-पांढरे फोटो छापणारं जवळपास दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण डबा काउंटरवर आलेला पाहिला आणि मी त्याला बसायला खुर्ची दिली.

माझ्याकडे प्रिंटर दोन. एक रंगीत फोटोंचा. त्यात काळी शाई एकच. करडी छटा हवी असली की तो निळी, गुलाबी, पिवळी मिसळून वेळ मारून नेतो. दुसरा नवऱ्याने हट्टाने घेतलेला. त्यात नुसत्या करड्या शायाच तीन. गोगलगायीसारखा चालतो, पण करडं ते करडंच ठेवतो. मी एक निगेटिव्ह स्कॅन करून तोच फोटो दोन्हींवर छापला आणि दिरापुढे ठेवला.

ट्यूबलाइटखाली दोन्हींतलं करडं सारखंच दिसतं. नवरा असता तर कागद घेऊन आधी दाराबाहेर गेला असता, मग मागच्या खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली, आणि कुरकुरत परत आला असता. दिराने बसल्या जागीच रंगीत प्रिंटरवरचा कागद पसंत केला. म्हणे, चकाकी जास्त आहे.

"नक्की ना, भावजी? दुसऱ्या उजेडात बघायचं नाही?"

"मला कळतं हो त्यातलं."

मग मी मुकाट्याने सगळे छापून दिले.

हॉलमध्ये पिवळे दिवे होते, आणि त्यांच्याखाली ते मिसळलेलं करडं गुलाबी पडलं होतं. फोटोंतले, भट्टीपाशी राबून काळवंडलेले म्हातारे गालांना लाली फासल्यासारखे भिंतीवर ओळीने उभे. लोक आधी कुजबुजले, मग तोंडावर हात धरून हसले. एका वयस्कर फोटोग्राफरने दिराला सगळ्यांसमोर विचारलं, की छापताना दिव्याखाली धरून पाहिलं नाही, तर हे फोटो खरंच तुम्ही काढलेत का? मला आनंद झाला, भरपूर झाला. फक्त एका फोटोत मी होते, खुर्चीत डुलकी लागलेली, नवऱ्याने हळूच टिपलेली. तीही गुलाबी. तिथे मात्र जीव चरकला.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. मी चारचौघांत त्याचं नाक कापलं, घरच्या माणसाचा घात केला, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, डबा द्या, दुसऱ्या गावी जाऊन छापून घेतो.

छापायला आलेला डबा आता माझ्या घरी कुलपात होता. नवऱ्याच्या प्रिंटरमधून खुर्चीतली मी सावकाश बाहेर येत होते, करडी. मी कागदावरची नजर काढली नाही.

"डबा कशाला हवा, भावजी? फोटो तुम्हीच काढलेत ना? मग पुन्हा काढा."