ट्राउटची पिल्लं कोणी नेली?

मी एक जुना जाळीचा पिंजरा आहे, मित्रांनो, आणि माझा कोणावरही विश्वास नाही. ओंटारिओ सरोवराच्या अमेरिकेकडच्या काठावर, धक्क्याला बांधलेला मी गळ्याएवढ्या पाण्यात तरंगतो. दर वसंतात मत्स्यखात्याची गाडी येते आणि ट्राउट माशांची बोटाएवढी पिल्लं माझ्या पोटात सोडते. तीन आठवडे त्यांना दाणे चारायचे, इथल्या पाण्याची ओळख पटली की सोडून द्यायचं. एका वादळात तर मी पिल्लांसकट कॅनडाला जाऊन आलो. व्हिसा कोणी विचारला नाही.

२००५ साली मात्र पिल्लं कमी होऊ लागली. मेलेलं एकही दिसेना. मी आधी बगळ्यावर नजर ठेवली. तो फारच साळसूद उभा राही. मग मालिनीबाईंवर. मालवणहून भावाकडे आलेल्या या बाई रोज सकाळी झाकणबंद डबा घेऊन धक्क्यावर येत.

त्यांचा भाऊ अनिल, रिटायर्ड इंजिनिअर, माझी देखभाल करायचा. पिल्लं अशीच गेली तर पुढच्या वर्षी मिळणार नाहीत, असं खात्याने त्याला बजावलं होतं.

"ताई, खरं सांग. काल घरात तळणीचा वास होता."

"वांग्याची कापं होती रे. ही बोटभर पिल्लं मी तळू? आमचं मांजर हसेल मला."

"मग डब्यात काय असतं?"

"कणकेच्या गोळ्या. पाण्यापाशी गेलं की माशांना घालायच्या, आईचीच रीत ना? तुझ्या पिंजऱ्यात टाकायला बंदी, म्हणून बाहेर टाकते. बघ, कशी झुंबड उडते."

अनिल वाकून बघत राहिला. खात्याने खुणेसाठी प्रत्येक पिल्लाच्या पाठीवरचा छोटा पर, म्हणजे पोहण्याचा पंख, कापलेला असतो. बाहेर गोळ्यांवर तुटून पडलेल्या माशांनाही तो पर नव्हता.

"ताई, पिंजरा फाटलाय."

"मग मला काय दरडावतोस? त्याला विचार."

आता कबूल करतो. भोक मला ठाऊक होतं. हिवाळ्यात अनिलने मला न धुता, ओलाच गॅरेजमध्ये कोंबला होता. माशांच्या वासाने उंदीर आले आणि माझा खालचा कोपरा कुरतडून गेले. मी रुसलो, गप्प बसलो आणि एका भल्या बाईवर आळ येऊ दिला.

मालिनीबाईंनी पदर खोचून ते भोक स्वतः शिवलं. उरलेली पिल्लं राहिली, आणि पुढच्या वसंतात खात्याची गाडी पुन्हा आली.

तेव्हा मित्रांनो, काम झालं की आम्हांला धुवा, वाळवा, कोपरे तपासून मगच ठेवा. आणि काही हरवलं, सगळे बोलत असले, आणि एक जण अगदी गप्प असला, तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.