डाव्या पायांची विक्री

जुन्या बाजाराची रीतच उलटी. कामाची वस्तू पडून राहते आणि बिनकामाची हातोहात जाते. पानगळ लागली की आमच्याकडे नदीकाठच्या मैदानात हा बाजार भरतो. माझ्या नवऱ्याची हातोडी, दाभण, चामडं कापायची रापी, सगळं घासूनपुसून मांडलं होतं मी. सकाळपासून एका माणसानं हात लावला असेल तर शपथ! आणि शेजारच्या मावशी, ज्यांच्याकडे किटल्या नाहीतच, नुसती किटल्यांची झाकणं, त्यांची टोपली निम्मी रिकामी.

"अगं, घरटी एक झाकण फुटलेलं असतं," म्हणाल्या. "तुझी रापी कोण नेऊन काय करणार?"

माझ्याकडे आणखी एक पोतं होतं. त्यात लाकडी पाय. बूट ज्याच्यावर चढवून शिवतात ना, ते फर्मे. दुकानातला तयार बूट ज्यांना होत नाही अशा गिऱ्हाइकांच्या पायांचे, माझ्या नवऱ्यानं स्वतः कोरलेले. कुणाचा अंगठा बाहेर आलेला, कुणाची टाच बसकी. जोडी-जोडी दोरीनं बांधलेली.

दुकान दोघा भावांचं. नवऱ्याचा हात थरथरायला लागला तेव्हा धाकटा, म्हणजे माझा दीर, गिऱ्हाइकांच्या कानाला लागला, की दादाच्या शिवणीचा आता भरवसा नाही. मग एक दिवस पाटी नव्यानं रंगवली आणि तिच्यावर एकट्याचं नाव. नवरा घरी आला तो हे पोतं पाठीवर घेऊन. त्यानंतर अंथरूणच धरलं, आणि गेला. तो गेला त्या दिवशीही दिराचं दुकान उघडं होतं. ते मी विसरलेले नाही.

आता फर्म्यांवाचून दिराची जुनी गिऱ्हाइकं अडली होती. निरोपावर निरोप येत होते. मी म्हटलं, गरज आहे ना, येईल आपल्या पायांनी. आला.

"वहिनी, हे असं उघड्यावर काय मांडलंय? सगळे मी घेतो. तुम्ही म्हणाल ती किंमत."

आजवर मी त्याला भाऊजी म्हणत आले. त्या दिवशी तोंडातून सरळ अरे-तुरे निघालं.

"किंमत घाल चुलीत. इथे उभा राहा आणि चारचौघांत म्हण, दादाला मी हाकललं. एवढं म्हण आणि पोतं उचल."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "झालं गेलं, जाऊ द्या ना वहिनी."

तेवढ्यात एक मुलगी आली. लोकांची घरं सजवून देण्याचं काम करायची. फर्मा उचलून म्हणाली, "कित्ती गोड! भिंतीला ठोकले की कोट अडकवता येतील. पण मला सगळे एकाच बाजूचे हवेत हं, रांग छान दिसते."

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. म्हटलं, "डावे घे सगळे."

दिराचं तोंड खर्रकन उतरलं. एकट्या उजव्या फर्म्यावर कुणी बूट शिवत नाही, हे त्याला सांगायला नको होतं. मी रापीनं पहिली दोरी कापली.

"म्हणतोस?"

"वहिनी, पोटाचा प्रश्न होता, धंदा बुडत होता…"

डावा मुलीच्या पिशवीत. दुसरी दोरी कापली.

"मी भेटायला येणारच होतो दादाला…"

तोही पिशवीत.

"अगं बाई, जोड्या काय फोडतेस!" मावशी ओरडल्या.

"मावशी, तुम्ही झाकणं विका."

खोटं कशाला बोलू, नवरा गेल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. दिराच्या कपाळावरची शीर उडत होती, नजर एकेका फर्म्यामागे पिशवीत जात होती. मी दोऱ्या कापत होते आणि त्याचं तोंड बघत होते. लाकडाकडे माझं लक्षच नव्हतं. पोतं संपलं. मुलगी पैसे देऊन खुशीत गर्दीत शिरली.

"आता हे उजवे ने," मी म्हटलं. "फुकट. शीव एकेका पायाचे बूट."

तो खाली बसला. ढिगातला एकेक उजवा उचलून बघायला लागला. मला वाटलं, नुकसान मोजतोय. एका फर्म्यापाशी मात्र थांबला. त्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असणार, कारण तिथे मुद्दाम उंचवटा कोरलेला होता.

"वहिनी, हा गिऱ्हाइकाचा नाही," तो म्हणाला. "दादाचा आहे. कोरायला शिकला तेव्हा पहिली जोडी स्वतःच्याच पायांची केली होती त्यानं."

मी तो त्याच्या हातातून हिसकावला. अंगठा आपोआप त्या उंचवट्यावर गेला. अंथरुणावर होता तेव्हा रोज संध्याकाळी तेल लावून मी हा पाय चोळला होता. डोळे मिटून ओळखला असता मी, आणि उघड्या डोळ्यांनी त्याचा जोडीदार परक्या पिशवीत घातला. उठून त्या मुलीला शोधायला लागले. समोर नुसती गर्दी, आणि ज्याच्या त्याच्या हातात पिशव्या.

"दादाला मी हाकललं," दीर पुटपुटला. आता कुणी विचारलं नव्हतं. मग हमसून हमसून, मोठ्यानं म्हणाला, "मीच हाकललं हो दादाला!" माणसं वळून बघायला लागली. जे ऐकण्यासाठी मी इतके दिवस जळत होते ते अखेर कानावर पडलं, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

तो डोळे पुसत उठला. "मी गाठतो तिला. आत्ता आणतो डावा."

मी त्याची बाही धरली. "खबरदार! कुणाच्या तरी भिंतीवर परक्यांचे कोट सांभाळत राहील माझा नवरा, पण तुझ्या हातानं घरी यायचा नाही!"

माझं ऐकून तो थांबला. आणि थांबला म्हणून मी त्याला मरेपर्यंत माफ करणार नाही.